रांगोळीचा कोपरा

लागोपाठच्या दोन वर्गसंख्यांमधला फरक नेहमी विषमच का येतो, असं विचारलंय. 'अ वर्ग वजा ब वर्ग'चं सूत्र टाकलं की गणित सुटतं, पण पोरांच्या डोक्यात काही शिरत नाही, हा माझा घरचाच अनुभव. शेवटी लेकीला जमिनीवर रांगोळीचे ठिपके काढायला बसवलं.

४ बाय ४ चे १६ ठिपके. आता ५ बाय ५ करायचेत. उजवीकडे ४ ची उभी ओळ, खाली ४ ची आडवी, आणि कोपरा तरी रिकामाच! तिथे १. म्हणजे ४ + ४ + १ = ९. दोन सारख्या ओळी आणि वर एक कोपरा, मग बेरीज सम येणार कुठून? तिने तो कोपऱ्यातला ठिपका मुद्दाम लाल काढला.

१ पासून विषम संख्या मिळवत गेलं की ४, ९, १६, २५ असे वर्गच पडत जातात, ते याच कोपऱ्यांमुळे. ३० च्या वर्गावरून ३१ चा वर्गही तोंडी येतो: ९०० + ३० + ३१ = ९६१.

जाता जाता: २, ३, ७ किंवा ८ ने संपणारी संख्या पूर्ण वर्ग नसतेच. पण शेवटी ६ दिसला म्हणून लगेच वर्गमूळ शोधायला धावू नका, २६ बघा.