नुसत्या हातांनी बिबट्या, आणि माझं अप्रेझल

तिसरी_शिफ्ट
मंडळी प्रश्न येडपट वाटेल पण सिरीयसली विचारतोय. मी नाशिकला अंबड एमआयडीसीत आहे, डिप्लोमा मेकॅनिकल, सहा वर्षं झाली, सीएनसी लाइन बघतो, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारी कटिंग मशीनं. रात्री तीनच्या चहाला आमच्याकडे एक विषय कायम निघतो, की हातात काठी नाही, दगड नाही, काहीच नाही, तर कुठल्या प्राण्याला लोळवशील? कोणी गावठी कुत्रा म्हणतं, कोणी माकड, एकजण बदक म्हणाला त्याला अजून बदक्या म्हणतात. मी म्हणालो बोका, तोही हेल्मेट घालून. आणि माझ्यानंतर दोन वर्षांनी लागलेला एक पोरगा आहे, तो चहा न सांडता म्हणाला, बिबट्या, गळा धरायचा, विषय संपला.

आता पुढचं ऐका. अप्रेझलच्या फॉर्मवर रकाना होता, पुढच्या वर्षी कुठली जबाबदारी घेऊ शकता. मी लिहिलं सध्याची लाइन नीट सांभाळेन. त्याने लिहिलं पूर्ण सेल, म्हणजे मशीनांचा अख्खा गट. तो असिस्टंट मॅनेजर झाला आणि मला काम समाधानकारक असा शेरा अन् पेट्रोलला पुरेल एवढं इन्क्रिमेंट. त्याच लाइनचा सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला (पार्टला) लागणारा वेळ, मी खाली आणलाय हो, २५० सेकंदांवरून २१५ वर, पहिल्या जाड कटिंगच्या इन्सर्टची (टूलच्या बदलायच्या पात्याची) ग्रेड बदलली, टूल नुसतं हवेत फिरायचं ते कमी केलं, टूल चेंजची पोझिशन जॉबच्या जवळ घेतली, रविवारी येऊन ट्रायल मारल्यात. मग काय करायचं, बिबट्या म्हणायला शिकायचं का चाकण गाठायचं?

उसातला_माणूस
करिअरचं दुसरे सांगतील, मी निफाडचा आहे म्हणून फक्त बिबट्याचं बोलतो. त्या पोराला म्हणावं एकदा रात्री आमच्याकडे पाणी भरायला ये. लाइट रात्रीची असली की मोटर चालू करायला जावंच लागतं, एका हातात बॅटरी, मोबाईलवर फुल आवाजात गाणी, आणि मध्ये मध्ये खोकत चालायचं, म्हणजे त्याला कळावं कोणीतरी येतंय. मादी भरते साधारण तीस-पस्तीस किलो, म्हणजे सिमेंटच्या गोणीपेक्षा हलकी, आणि ऐकणाऱ्याला वाटतं मग काय, उचलून आपटू. अरे पण ती समोरून येऊन सलामी देत नाही, मागून येते आणि आधी मान धरते. तू गळा धरायला जाशील तोवर तुझाच गळा गेलेला असतो. उसातच पिल्लं घालते, तोडणीला पिल्लं सापडली की आम्ही काम थांबवतो आणि फॉरेस्टवाले रात्री तिथेच क्रेटमध्ये ठेवतात, आई येऊन घेऊन जाते. समोर आलाच तर पळायचं नाही, खाली बसायचं वाकायचं तर बिलकुल नाही, हात वर करून मोठं दिसायचं, ओरडत हळूहळू मागे सरकायचं. १९२६ नंबर सेव्ह करून ठेवा सगळ्यांनी, वनविभागाचा आहे.

जीके_भाऊ
एक सांगू का, एका माणसाने हे खरंच केलंय. कार्ल एकली नावाचा अमेरिकन, म्युझियमसाठी प्राणी पेंढा भरून उभे करायचा, १८९६ साली सोमालीलँडमध्ये बिबट्याने त्याच्यावर झेप घेतली. याने काय केलं, उजवा हात चावत होती तर तो ओढून घ्यायच्या ऐवजी तिच्या घशातच कोंबला, आणि खाली पाडून गुडघ्यांनी बरगड्या दाबल्या. मेली. पण लोक पुढचं सांगत नाहीत, ती मादी होती, लहान होती आणि आधीच गोळीने जखमी होती. तरी हाताची पार चाळण झाली.

आणि २०२१ मध्ये यूगव्ह या सर्व्हे कंपनीने अमेरिकेत हाच प्रश्न विचारला होता. उंदराला हरवू म्हणणारे ७२ टक्के, मांजराला ६९, सिंहाला ८. म्हणजे २८ टक्के लोकांना उंदराचीसुद्धा खात्री नाही, तू बोका म्हणालास म्हणजे बऱ्यापैकी कॉन्फिडन्ट आहेस बरं का.

मायक्रॉनताई
हसून झालं असेल तर जरा ऐक. मी क्वालिटीत चौदा वर्षं काढलीत, सातपूर आणि सिन्नर दोन्हीकडे. मुलांचे फॉर्म वाचून वाचून सांगते, त्या पोराला नावं ठेवू नकोस. सेल त्याला झेपेल की नाही ते माहीत नाही, पण साहेबाला सेलसाठी माणूस हवा होता आणि हवंय असं एकट्यानेच लिहिलं. साहेब तुझ्या मनात शिरून थोडाच बघणार आहे.

दुसरं, कमी लिहिलं म्हणजे प्रामाणिक लिहिलं असं तुला वाटतंय, पण माप चुकलं ते चुकलंच ना, प्लसमध्ये जावो की मायनसमध्ये. त्यात तुझं नशीब एवढंच की बोअर (जॉबचं भोक) अंडरसाइज असला तर रिवर्क होतो, परत मशीनवर घेऊन मापात आणता येतो, ओव्हरसाइज झाला की सरळ स्क्रॅप.

आता रिवर्क सांगते. तुझे ३५ सेकंद कोणाला कळत नाहीत, त्याचे जॉब कर. शिफ्टमध्ये चहा-जेवण वजा जाता सात तास धर, म्हणजे २५,२०० सेकंद. आधी १०० जॉब निघत होते, आता ११७. तीन शिफ्टचे दिवसाला ५१, महिन्याचे सव्वीस दिवस म्हणजे तेराशेच्या वर. एवढे जॉब जास्तीचे, मशीन तीच, माणसं तीच. हे एका कागदावर लिही, खाली तारीख, आधीचं रीडिंग, नंतरचं रीडिंग, इन्सर्टचा खर्च वाढला असेल तर तोही लिही (लपवलास तर फायनान्सवाला पहिला तोच विचारेल). आणि एक दोनशे पानी वही घे, दर शनिवारी दोन ओळी. मार्चमध्ये आठवत बसलं की गेल्या आठवड्याचं तेवढं आठवतं, हे मी स्वतः भोगलंय, एका कंपनीत वर्षभर कस्टमर कम्प्लेंटचे एट-डी रिपोर्ट (चूक का झाली, काय सुधारलं ते) मी भरले आणि प्रेझेंटेशन दुसऱ्याच्या नावाने गेलं.

एक्सप्रेसवेवाला
चाकणला नक्की ये, पगार वाढतो. पण खोलीभाडं, डबा आणि ट्रॅफिक धरून हिशोब कर. मी दर शनिवारी रात्री नाशिक फाट्यावर बस पकडतो तेव्हा आईच्या हातचं आठवत नाही, कॉलेज रोडची मिसळ आठवते, काय करणार. आणि स्विच मारलास तरी इंटरव्ह्यूला तू काय केलंस हेच विचारणार, तिथेही ताईंचाच कागद लागेल. तो आधी कर.

तिसरी_शिफ्ट
ताई, कागद केला. इन्सर्टचा खर्च धरून केला. काल साहेबांना दाखवला तर दोन मिनिटं काही बोललेच नाहीत, मग म्हणाले हे फॉर्मवर का नाही लिहिलं. मी म्हटलं रकाना छोटा होता. हसले नाहीत.

आणि जीके भाऊ, तुमचे ६९ टक्के खोटे बोलतायत. आज सकाळी शिफ्ट सुटल्यावर सोसायटीतला बोका माझ्या गाडीच्या कव्हरखाली झोपला होता, हेल्मेट हातातच होतं, डोक्यात नव्हतं. हुसकवायला गेलो आणि मनगटापासून कोपरापर्यंत ओरबाडला, रक्त आलंय.

मायक्रॉनताई
टाइप काय करतोयस! आधी नळाखाली धर, साबण लावून पंधरा मिनिटं, घड्याळ लावून. हळद, चुना काही लावू नकोस. मग सरळ सिव्हिलला जा आणि रेबीजचं इंजेक्शन घे, एक घेऊन भागत नाही, तिसऱ्या दिवशी परत, सातव्या दिवशी परत, पुढचं ते लिहून देतील.

तिसरी_शिफ्ट
घेतलं. रांगेत पुढे एक आजोबा होते, त्यांना कुत्रा चावलेला, मला विचारतात तुला काय चावलं. बोका सांगायची लाज वाटली हो. पुढचा डोस गुरुवारी, आणि साहेबांनी प्लांट हेडसोबत बसायचं ठरवलंय तेही गुरुवारीच, अकरा वाजता. फुल बाह्यांचा शर्ट इस्त्रीला दिलाय.