मदत हवी आहे: जप्त केलेला कांदा पोलीस ठाण्यात सडतोय, कोर्टाकडून विकून घेता येतो का?

मंडळी, कोर्टकचेरीतलं कळणारं कोणी असेल तर सांगा, घाई आहे.

चुलत्यांनी चाळीतला उन्हाळ कांदा शिवार सौद्यात (बाजार समितीत न नेता, शेतावरूनच) एका व्यापाऱ्याला दिला. ३५० गोण्या, काट्यावर साडेसतरा टन. चेक वटला नाही, फोन बंद. गुन्हा नोंदवला तेव्हा ट्रक अजून जिल्ह्यातच होता, पोलिसांनी मालासकट धरला. इथवर नशीब बरं होतं.

आज अकरावा दिवस. ट्रक ठाण्याच्या आवारात, वर ताडपत्री, त्यात पाऊस. खालच्या गोण्यांना पाणी सुटलंय, वरच्या कांद्याला कोंब आलेत. ठाण्यात म्हणतात, मुद्देमाल आहे, हात लावता येत नाही. त्यात माल पुढे विकत घेतलेला दुसरा व्यापारीही मालक म्हणून उभा राहिलाय. वकिलांनी माल परत मिळावा म्हणून अर्ज दिला. त्यावर पोलिसांचा से (लेखी म्हणणं), मग समोरच्याचा से, पुढची तारीख दोन आठवड्यांनी. तोवर खत होईल.

चुलते म्हणतात, कांदा राहू दे, येईल तो भाव कोर्टात तरी जमा होऊ दे. असं मागता येतं का? की आधी मालकी ठरावी लागते? आणि पुरावाच विकला म्हणून केस ढिली पडेल का?

प्रतिसाद १

दादा, माल परत मागितलात तिथेच मालकीचा वाद ओढवून घेतलात. विक्री मागा. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ४९७ (जुनं ४५१) बघा: लवकर नासणारा माल कोर्ट तपास चालू असतानाही विकायला लावू शकतं. पैसे कोर्टात राहतात, हक्क ज्याचा ठरेल त्याला मिळतात.

पुराव्याची काळजी नको. मालाचं वर्णन, फोटो, व्हिडिओ करून ठेवायचं त्याच कलमात आहे आणि ते पुरावा म्हणून चालतं. मुद्देमाल ठाण्यात १५ दिवस ते महिन्यापेक्षा जास्त ठेवू नये, असं सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच सुंदरभाई देसाई प्रकरणात सांगितलंय. अर्जाला काटापट्टी आणि आजचे फोटो जोडा, बाजार समितीत लिलाव मागा, तारीख अलीकडे घ्यायचा अर्ज वेगळा द्या.

आणि त्या दुसऱ्या व्यापाऱ्याशी बोला. सडक्या कांद्याची मालकी त्यालाही नकोच असणार. त्याने विक्रीला ना हरकत दिली तर काम बरंच सोपं होईल.

धागाकर्ता

ना हरकतीचं डोक्यातच आलं नव्हतं. वकिलांना आत्ताच फोन लावतो. एक राहिलं: ट्रकवाला ट्रक अडकून पडल्याचं रोजचं भाडं (खोटी) मागतोय, ते लिलावाच्या पैशातून कापतात का?