माहिती हवी आहे: फेलिचे नाझारोची १९०८ ची ब्रुकलँड्सची फेरी, ताशी १९५ किमी की १७३?

नमस्कार मंडळी,

मोटार शर्यतींच्या सुरुवातीच्या काळावर लिहितोय. लेख इटलीतल्या तुरिनच्या शर्यतपटू फेलिचे नाझारोवर आहे आणि एका आकड्यापाशी घोडं अडलंय.

ज्यांना हा गडी माहीत नाही त्यांच्यासाठी: जन्म १८८१. चेइरानोंच्या मोटारींच्या कारखान्यात शिकला. १८९९ मध्ये फियाटने तो कारखाना घेतला, त्याबरोबर हा आणि विन्चेन्झो लान्चिया दोघेही फियाटकडे आले. १९०७ मध्ये त्याने टार्गा फ्लोरिओ, जर्मनीतली कैसरप्राइस आणि फ्रेंच ग्रां प्री अशा तिन्ही मोठ्या शर्यती मारल्या. तिन्हींचे नियम वेगळे. एकीत सिलिंडरच्या व्यासावर बंधन, दुसरीत इंजिन आठ लिटरच्या आत, तिसरीत इंजिन हवं तेवढं मोठं, पण इंधन १०० किलोमीटरला ३० लिटरच. फ्रान्समधल्या दिएपच्या त्या ग्रां प्रीत ७७० किमी अंतर त्याने ताशी ११३ किमीच्या सरासरीने कापलं, तेही तेव्हाच्या रस्त्यांवर! लान्चिया गाडी पिळून काढायचा, नाझारो ती शेवटपर्यंत टिकवायचा. मला तरी नाझारोच उजवा वाटतो.

आता मूळ प्रश्न. जून १९०८ मध्ये इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्सच्या शर्यतीच्या ट्रॅकवर त्याची १८ लिटरची फियाट आणि इंग्रजांची नेपियर गाडी यांची पैज लागली. नेपियरचा क्रँकशाफ्ट (इंजिनातला मुख्य दांडा) तुटला, नाझारो जिंकला. पण त्याच्या सर्वात वेगवान फेरीचे दोन आकडे सापडतात. विजेवर चालणाऱ्या वेळमापक यंत्राचा ताशी १२१.६४ मैल (सुमारे १९५ किमी), आणि हातात धरलेल्या स्टॉपवॉचचा सुमारे १०८ मैल (१७३ किमी).

मी हिशेब करून पाहिला. ट्रॅक साधारण साडेचार किलोमीटरचा धरला, तर दोन्हींत दहाएक सेकंदांचा फरक पडतो. घड्याळाचं बटण दाबायला उशीर झाला म्हणावं, तर तो अर्धा-एक सेकंद होईल, दहा नाही. त्यामुळे माझा कल स्टॉपवॉचकडे आहे. यंत्राची तार किंवा पट्टीच चुकली असणार.

इंग्लंडमधल्या मंडळींपैकी कोणी वेब्रिजच्या ब्रुकलँड्स संग्रहालयात जाणार असेल, तर हे यंत्र वेळ नेमकी कशी नोंदवायचं एवढं विचाराल का? आणि इटालियन वाचणारं कोणी असेल, तर तुरिनच्या 'ला स्ताम्पा'चे जुने अंक जालावर आहेत. जून १९०८ मधल्या बातमीत कोणता आकडा दिलाय ते बघून सांगा. भाषांतर यंत्रावर माझा भरवसा नाही.

त्याने स्वतःच्या नावाची गाडी काढून १९१३ ची टार्गा फ्लोरिओ जिंकली, आणि १९२२ मध्ये एकेचाळिसाव्या वर्षी स्ट्रासबुर्गची फ्रेंच ग्रां प्री, हे लिहून झालंय. त्याच स्ट्रासबुर्गच्या शर्यतीत त्याचा पुतण्या बियाजिओ अपघातात मरण पावला. त्यामुळे तो भाग मी मुद्दाम थोडक्यात ठेवलाय. सध्या अडलंय ते फक्त १९०८ चं.