‘बाजार मोकळा सोडा, सेन्सॉरशिप आपोआप संपेल’: अजिबात पटत नाही

कागदवाला: काल इथे कुणीतरी ठासून लिहिलं की जाहिरातींवर चालणारं वृत्तपत्र सरकारला भीत नाही. दक्षिण कोरियात १९७४च्या डिसेंबरात काय झालं? ‘डोंग-आ इल्बो’ या दैनिकावर बंदी नव्हती. गुप्तचर खात्याने दबाव आणला आणि जाहिरातदारांनी धडाधड जाहिराती काढून घेतल्या. जागा कोऱ्या ठेवून अंक निघाले. वाचकांनी पदरच्या पैशाने छोट्या जाहिराती देऊन त्या भरल्या, तरी पुढच्या मार्चमध्ये मालकांनीच १००हून अधिक पत्रकार काढले.

मुक्तद्वार: तिथले तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष पार्क चुंग-ही यांच्या हुकूमशाहीला बाजार म्हणायचं? खरा फास कायद्याचा असतो. सिंगापूरचा १९७४चा कायदा बघा: वृत्तपत्र कंपनीतल्या नेमणूक आणि बडतर्फीच्या ठरावांवर ‘व्यवस्थापन-शेअर’ नावाच्या खास शेअरला प्रत्येकी २०० मतं, आणि तो शेअर सरकारच्या मंजुरीशिवाय कुणाला मिळत नाही.

कलम१९: लांब कशाला जाता? आपल्या ‘सकाळ’चा खटला विसरलात? आठवड्याचे सहा दिवस मिळून ३४ पानं, अंक ७ नव्या पैशांना. केंद्र सरकारच्या १९६०च्या आदेशाने पानांवर किंमत बांधली: पानं कापा, नाहीतर दर वाढवा. दर वाढला की खप पडणार, पानं कापली की मजकूर जाणार. १९६१मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश आणि त्यामागचा कायदा, दोन्ही उडवले.

कागदवाला: सरकारचा तिथला युक्तिवादही सांगा की! मोठी दैनिकं तोट्यात अंक विकून छोट्यांना मारतात, म्हणून तो कायदा. तो धोका काल्पनिक नव्हता.

मुक्तद्वार: म्हणून सरकारने पानं मोजायची? तेव्हा छपाईचा कागद सरकार कोट्याने वाटायचं; १९७२च्या कागद-धोरणात १० पानांची मर्यादा आली, तीही छोट्यांच्याच नावाने. न्यायालयाने तीही रद्द केली. छोट्यांचा कळवळा दाखवत दरवेळी कात्री चालवायची, हे आता पुरे.

कलम१९: बरोबर. कागदाचा कोटा ज्याच्या हाती, संपादक त्याच्या मुठीत.

कागदवाला: बरं, ते दोन्ही निकाल योग्य होते, एवढं मान्य. पण ‘सकाळ’ कोर्टात जाऊ शकला कारण हातात छापील आदेश होता. सरकारी जाहिरातीची रिलीज ऑर्डर (जाहिरात छापायची लेखी मागणी) नुसती येईनाशी झाली, जुनी बिलं थकली, तर आव्हान कशाला देणार? जिल्हा दैनिकाचा पगार त्यावर होतो. खासगी जाहिरातदाराला तर कारणही द्यावं लागत नाही. हाँगकाँगच्या ‘ॲपल डेली’ या सरकारवर टीका करणाऱ्या दैनिकाकडे बड्या बिल्डरांनी कितीतरी वर्षं आधी पाठ फिरवली होती. २०२१मध्ये त्याचे १.८ कोटी हाँगकाँग डॉलर गोठवले आणि अंक बंद पडला.

मुक्तद्वार: गोठवले कुणी? सरकारनेच! बिल्डर गेल्यावरही तो अंक वाचकांच्या पैशावर निघत होता, हे तुम्ही गाळता.

कागदवाला: निघत होता, कारण मालकाच्या खिशात पैसा होता. प्रत्येक जिल्हा दैनिकाला असा मालक कुठून आणणार, ते सांगा.