‘जळून खाक’ की ‘राखड’?

सिंदेवाही : शाळेच्या भित्तीपत्रकात मी लिहिलं, ‘वातावरणात शिरताच निकामी उपग्रह जळून खाक होतो.’ सातवीतली पोरगी म्हणे, सर, खाक झाला तर आपल्या तालुक्यातल्या लाडबोरी गावात रिंग कशी पडली? २ एप्रिल २०२२, पाडव्याची संध्याकाळ. चिनी रॉकेटचं तीनेक मीटरचं ते कडं अख्ख्या तालुक्यानं पाहिलंय. आता काय सांगू? ‘खाक’ला दुसरा शब्द सुचवा.

वर्धा : पोरगी बरोबर आहे, सर. फारसीत खाक म्हणजे माती. मराठीत ‘काहीच उरलं नाही’ असा अर्थ झाला. इथं दोन्ही फसतात. दणकट तुकडे खाली येतात आणि बाकीचा धातू मातीला मिळतच नाही. समोरची हवा दबून प्रचंड तापते (सायकलला हवा भरताना पंप चटका देतो ना, तसं, नुसतं ‘घर्षण’ म्हणणं अर्धवट आहे). ॲल्युमिनियम वितळतं, त्याची वाफ होते, ऑक्सिजनशी जुळून बारीक कण बनतात आणि ते सावकाश ओझोनच्या थरात उतरतात. २०२३ मध्ये अमेरिकी संशोधकांनी उंच उडणाऱ्या विमानातून तिथले सल्फ्युरिक आम्लाचे कण तपासले. त्यातल्या मोठ्या कणांपैकी १० टक्क्यांच्या आसपास कणांत यानांचे धातू निघाले. ओझोनचं त्यानं काय होईल, हा अभ्यास अजून चालूच आहे.

चंद्रपूर : मग ‘राखड’ म्हणा की! आमच्याकडं राख चुलीची, राखड वीज केंद्राची. ती इतकी बसते की दोरीवरचे कपडे झटकल्याशिवाय घडी घालता येत नाही. अन् राखडीतही ॲल्युमिनियमचं ऑक्साइड असतंच!

वर्धा : शब्द झकास, भाऊ. पण राखड पऱ्हाटीच्या (कपाशीच्या) पानावर येऊन बसते, हे कण वर्ष-वर्ष वरच राहतात. ‘धूळ’ही नको. उल्कांच्या धुळीत लोखंड, मॅग्नेशियम भरपूर. यानांमुळं ॲल्युमिनियम, तांबं, लिथियम वाढतं. त्या फरकावरूनच तर संशोधकांनी यानांचा माल ओळखला.

सिंदेवाही : घरी आजीला विचारलं. आमच्या झाडीबोलीत ‘ळ’चा ‘र’ होतो. ती म्हणाली, “जरला मन, सरला नोको मनू.” (जळला म्हण, संपला नको म्हणू.) शेवटी ‘उपग्रह जळतो, त्याची राखड आभाळात राहते’ असं लिहिलं. वर्धेवाल्या भाऊंची हरकत त्या पोरीला सांगितली, तर तिनं ‘राखड’च्या आधी खडूनं घुसडलं : ‘लवकर न बसणारी’.