नेपाळी माणसं, आडनावं, जाती : तुमचे अनुभव लिहा

घाटमाथा : सोसायटीच्या ग्रुपवर "नवा बहादूर कधी येतोय?" असं आलं आणि आमचा नेपाळातला घोडेपानीचा ट्रेक आठवला. गाईड थापा. मी शहाणपणा करत म्हटलं, "म्हणजे क्षत्रिय!" तो हसला. "थापा छेत्री, म्हणजे क्षत्रियही असतात, मगर जमातीचेही. मी मगर." सामान उचलणाऱ्या पोराचं आडनाव बि.क. खालच्या एका गावात चहा घेतला. आम्ही बाकावर, तो पायरीवर. आमचे ग्लास तसेच पडले, त्याने मात्र आपला नळाखाली विसळून उपडा ठेवला. मला वाटलं, काय टापटीप पोरगा! उतारावर थापा हळूच म्हणाला, "कामी आहे. बि.क. म्हणजे विश्वकर्मा." कामी म्हणजे लोहारकाम करणारे, तिकडचे दलित. लिहा तुमचंही.

चिंगी : शेर्पा म्हणजे हमाल असंच समजत होते मी 🙈 जमात आहे ती. आमच्याबरोबर तीन पासांग! शुक्रवारी जन्मला की पासांग, बुधवारी ल्हाक्पा.

बंड्या_नाशिककर : मंगळवारचा मिंग्मा ना? मग मी तोच. बायको तसंही म्हणते, पत्रिकेत मंगळ आहे.

रमाकाकू : ऑफिसात नेपाळमधल्या जनकपूरचा झा होता, घरी मैथिली बोलायचा. काठमांडूत त्याला "इंडियन का?" विचारत, आणि पुण्यात आम्ही म्हणायचो, "तू नेपाळी वाटत नाहीस हं." कुकर झाला, उरलेलं नंतर.

जुनाखोड : १८५४ चा मुलुकी ऐन, म्हणजे नेपाळचा कायदा. पंतप्रधान जंगबहादूर राणाच्या काळात अख्ख्या देशाची उतरंड कायद्यात बसवली. वर जानवंवाले तागाधारी, मग दारू पिणारे मतवाली. त्यातही मगर-गुरुंग गुलाम न करता येणारे, भोटे-चेपांग करता येणारे. तळाला ज्यांच्या हातचं पाणी चालत नाही ते. १९६३ ला नवा ऐन आला, २०११ ला शिवाशीवीच्या गुन्ह्यासाठी वेगळा कायदा. ग्लास कोण विसळतं ते वर आलंच आहे.

चिंगी : आजोळी पडवीत गड्याची कपबशी वेगळी असायची. आम्ही पोरं त्यातच चहा मागायचो, मार खायचो.

सुमी_७२ : घोडेपानीला किती दिवस लागतात? गुडघे बोलतात माझे.

घाटमाथा : सुमीताई, पोखऱ्याहून चार दिवस, आरामात. आणि हो, नवा वॉचमन आला. चौधरी, नेपाळातल्या कैलालीचा, थारू जमातीचा. वडील जमीनदाराकडे कमैया, म्हणजे वेठबिगार. २००० साली सरकारने ती प्रथा बंद केली तेव्हा सुटले. पार्किंगमध्ये पाच मिनिटांत एवढं कळलं. ग्रुपवर नाव टाकलं. खाली पहिला मेसेज : "बहादूरला सांगा, टाकी वाहतेय."

सुमी_७२ : चार दिवस जमतील. पायऱ्या?

बंड्या_नाशिककर : वाटेत उल्लेरीला तीन हजारांवर. बाम न्या.