ब्राझीलचा फुटबॉलर एन्ड्रिकला स्पेनच्या रिअल माद्रिदने १६ व्या वर्षीच घेतलं, मग तो दीड वर्षाहून जास्त ब्राझीलमध्येच का?

परवा मित्राशी वाद झाला, तो म्हणतो लोनवर (म्हणजे दुसऱ्या क्लबला उसना) ठेवला होता. २०२२ डिसेंबरला डील झाली आणि पोरगा आला २०२४ च्या जुलैत, असं का? आणि पाल्मेइरासला, म्हणजे त्याच्या ब्राझीलमधल्या क्लबात, नक्की काय केलं होतं त्याने एवढं?

↳ लोन वगैरे काही नाही रे. फिफाचा नियम आहे, १८ च्या आत दुसऱ्या देशात ट्रान्सफर सहसा होत नाही, आणि ह्याचा वाढदिवस २१ जुलै २००६ चा, काढ हिशोब.

↳ काय केलं म्हणजे?? नोव्हेंबर २०२३ ची बोटाफोगोची मॅच बघ. हाफटाइमला ३-० मागे, सगळ्यांनी आशा सोडलेली, आणि हा १७ वर्षांचा पोरगा दोन गोल मारतो, मधे बोटाफोगो पेनल्टी घालवतात आणि शेवटी पाल्मेइरास ४-३. पुढे लीग पण त्यांनीच घेतली. बाकी वडील त्याच क्लबात सफाईचं काम करायचे, हे वाचलं की जरा भरूनच येतं.

↳ ब्राझीलकडून इंग्लंडविरुद्धचा त्याचा वेंब्लीचा गोल मी लाइव्ह बघितलाय, आपल्याकडे मध्यरात्र उलटलेली. ८० वं मिनिट, विनिसियसचा शॉट इंग्लंडचा गोलकीपर पिकफर्डने अडवला, बॉल सुटला आणि हा बरोब्बर तिथे हजर. टॅप-इनच, पण तिथे असायला नाक लागतं.

↳ माद्रिदला त्याच्या पहिल्याच लीग मॅचमध्ये वायादोलिदविरुद्ध गोल मारला खरा, पण त्याच उन्हाळ्यात स्टार स्ट्रायकर एम्बापे आला ना, मग बेंचच नशिबी.

↳ धन्यवाद मंडळी, मित्राला लिंक पाठवली, चहा त्याच्याकडून 😄